सल्ला दिला नाही, हीच तक्रार?

"पन्नास मिनिटं बसवून घेतलं, दीड हजार घेतले आणि सल्ला म्हणून एक दिला नाही. वर मलाच विचारतायत, तुम्हाला काय वाटतं!" समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाऊन आलेल्या माणसाची ही तक्रार वर्सोव्यात सात बंगल्यापासून यारी रोडच्या टोकापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. ऐकणारे माना डोलावतात. कुणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा माझ्याकडे यायचंस, चहा पाजून सांगितलं असतं." हशा होतो आणि विषय संपतो. तो इतक्या स्वस्तात संपू नये, असं मला वाटतं.

तक्रार करणाऱ्याची चिडचिड खोटी नाही. दीड हजार रुपये वर्सोव्यातही झाडाला लागत नाहीत. पण त्याने जे मागितलं ते मागण्यासाठी तिथे जायची गरजच नव्हती, कारण सल्ल्याचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. नवऱ्याशी पटत नाही म्हटलं की मावशी सांगते जुळवून घे, मैत्रीण सांगते सोड त्याला, वडील म्हणतात एक मूल होऊ दे, सगळं मार्गाला लागेल. झोप लागत नाही म्हटलं की जायफळ, अश्वगंधा, प्राणायाम, नाहीतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. समुपदेशकाच्या दारात पोचेपर्यंत माणसाने असे पाच-पंचवीस सल्ले ऐकलेले असतात, निम्मे करूनही पाहिलेले असतात. आपल्याबद्दल जेमतेम अर्धा तास ऐकलेल्या परक्या बाईने त्यात आणखी एकाची भर घालावी, अशी अपेक्षा तरी का करावी?

आणि तिने ती घातली तर? नवरा दारू पितो, एवढं ऐकून "सोडा त्याला" म्हणाली, आणि पुढच्या भेटीत कळलं की घर नवऱ्याच्या नावावर आहे, माहेरी भाऊ दारात उभं करत नाही आणि मुलाची दहावी तोंडावर आहे, तर? पहिल्या भेटीत सल्ला न देणं हा आळस नव्हे. माहिती पुरेशी नसताना तोंड न उघडण्याचं शिक्षण त्या बाईंनी पैसे मोजून घेतलेलं असतं.

मग त्या पन्नास मिनिटांत होतं काय? तक्रार करणारे हा भाग सांगत नाहीत, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

आधी एक फॉर्म येतो. नाव, वय, काम, घरी कोण कोण, आधी कुठे उपचार घेतले का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, थायरॉइड-मधुमेह काही आहे का. थायरॉइडचा प्रश्न वाचून लोक चमकतात, पण थायरॉइड मंदावला तर माणूस उदास आणि सुस्त होतो, आणि तिथे बोलण्याआधी रक्त तपासावं लागतं. मग एक रकाना असतो, 'तातडीच्या प्रसंगी कुणाला फोन करायचा'. आपल्या भागात हा रकाना सगळ्यात अवघड. इथे तिघा-चौघांत एक फ्लॅट घेऊन राहणारी, इंदूर, लातूर, पाटण्याहून कामाच्या शोधात आलेली पोरं आहेत. आईचा नंबर लिहावा तर तिला पोरगं इथे आलंय हेच सांगायचं नाही. रूममेटचा लिहावा तर तो गेल्या महिन्यात राहायला आलेला. पेन हातात धरून माणूस त्या रकान्यापाशी थांबतो, आणि समोरच्या समुपदेशकाला बरंच काही कळतं. 'मलाच विचारत बसल्या' म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावं की विचारण्याचं काम तोवर सुरू होऊन गेलेलं असतं.

मग गुप्ततेचं सांगितलं जातं. इथलं बोलणं इथेच राहील, पण काही वेळा राहणार नाही: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. हा शेवटचा भाग समुपदेशकाच्या मर्जीचा नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलेलं आहे. लोकांना हे सगळं ऐकून वाटतं, हा वकिली मसुदा कशाला. पण गुपित कुठवर राखता येणार नाही हे आधीच सांगणारी माणसं आपल्या ओळखीत किती आहेत? "कुणाला सांगणार नाही गं, बोल" म्हणणाऱ्या मामेबहिणीकडून ती गोष्ट किती दिवसांत आत्याकडे पोचते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्यानंतरचे प्रश्न साधे असतात. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात लक्ष लागतं का, हे कधीपासून, आणि आत्ताच का आलात. काही ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, अशा धाटणीचा. तो मराठीतही आहे. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो, आणि तक्ता नसला तरी तो प्रश्न तोंडी येतोच: "जगणं नको असं कधी वाटलंय का?"

यावर एक ठरलेला आक्षेप आहे, की असं विचारून भलतंच डोक्यात भरवतात. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजतो याला आधार नाही, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. ज्याच्या मनात तो विचार नाही तो "नाही हो" म्हणून पुढे जातो. ज्याच्या मनात आहे त्याला कित्येकदा पहिल्यांदाच कुणीतरी न दचकता विचारलेलं असतं. घरात हा प्रश्न निघत नाही. निघाला तर "असलं अभद्र बोलू नकोस" या वाक्यावर मिटतो.

शेवटची पाच-दहा मिनिटं, किती भेटी लागतील, आठवड्याला की पंधरवड्याला, फी किती, ठरल्या वेळी आला नाहीत तर काय, आणि मुख्य म्हणजे या सगळ्यातून तुम्हाला काय हवंय, यावर जातात. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलं होतं की समुपदेशक आणि येणारा माणूस यांचं जमणं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी दोघांनी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा भरवसा. पहिली भेट या तिन्हींची चाचपणी आहे. ती दोन्ही बाजूंनी होते, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. तुम्ही त्यांना तपासायला गेलेले असता. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, माझ्यासारखी अडचण आधी हाताळलीय का, मराठीत बोललं तर चालेल ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हे न विचारता घरी येऊन "काही मिळालं नाही" म्हणणं म्हणजे अर्धी भेट आपणच वाया घालवणं.

पहिल्याच भेटीत सगळं सांगणारा माणूस हवा असेल तर तोही मिळतो. बुवा पहिल्या मिनिटाला निदान करतो. कुणीतरी केलंय, दक्षिणेकडचा दोष आहे, सासरच्या पूर्वजाचं राहिलंय. उपायही लगेच, किंमतही लगेच. 2013 मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. 'पहिल्या भेटीत काही सांगितलं नाही' या तक्रारीमागे मला कित्येकदा या बुवाची आठवण दडलेली दिसते. आपल्याला झटपट निकालाची सवय लागली आहे आणि तो न देणाऱ्याला आपण कमअस्सल ठरवतो.

सिनेमानेही घोळ घातला आहे. 'डिअर जिंदगी' 2016 मध्ये आला. गोव्यातला समुद्र आणि लाटांशी कबड्डी खेळणारा शाहरुख खानचा डॉक्टर. त्या चित्रपटाने कितीतरी तरुण मुलांची भीड चेपली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तो पाहून गेलेल्या पोरांना चौपाटीवर फेरफटका मारणारा, हजरजबाबी डॉक्टर हवा असतो. प्रत्यक्षात भेटतो तो दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमधला, खिडकीला जाड पडदा लावलेला एक शांत माणूस.

वर्सोव्यात आणखी एक अडचण आहे. आराम नगरच्या बैठ्या बंगल्यांतून दिवसभर ऑडिशन चालतात. ज्यांचं आयुष्य त्या रांगांत जातं, ते समुपदेशकासमोरही ऑडिशनच देतात. नाव सांगतात, प्रोफाइल सांगतात, आपलं दुःख नीट बांधून, योग्य जागी थांबून सादर करतात आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात, निवड झाली का म्हणून. हे फक्त नटांचं नाही. बँकेतला अधिकारीही पहिल्या भेटीत आपण किती समंजस आहोत हे सिद्ध करत असतो. समोरून ना दाद येते ना नकार, तेव्हा तो खट्टू होतो. 'काहीच बोलल्या नाहीत' या तक्रारीत याचाही वाटा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सगळेच समुपदेशक ऐकत बसत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईत डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला होता. त्या पद्धतीत समुपदेशक वाद घालतो, तुमच्या 'असं व्हायलाच पाहिजे'ला हरकत घेतो आणि घरचा अभ्यास देतो, कधी पहिल्या भेटीपासून. पण तिथेही तो नोकरी सोड किंवा लग्न मोड असं सांगत नाही. तो तपासायला लावतो तुमचा विचार. ज्यांना गप्प बसणारा माणूस सोसत नाही त्यांनी या पद्धतीने काम करणारा शोधावा. एका पद्धतीचा अनुभव घेऊन अख्ख्या विद्येला मोडीत काढू नये.

आता दुसरा, जास्त ऐटीत केला जाणारा आक्षेप: ही सगळी पाश्चात्त्य थेरं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. 'आमच्या वेळी' म्हणजे नक्की कधी? 1936 मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं पदवी विद्यालय निघालं, तेच आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या वस्तीत आधीपासून काम करत होते. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, त्या विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. म्हणजे आक्षेप घेणाऱ्या आजोबांच्या जन्माआधी या शहरात आईबाप मुलाला घेऊन परक्या माणसापुढे बसत होते.

त्याच्याही आधी र. धों. कर्वे होते. 1927 पासून त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक निघत होतं आणि वाचक त्यांना पत्रांतून असे प्रश्न विचारत, जे ते सख्ख्या भावाला विचारू शकले नसते. कर्वे सरळ, शास्त्रीय, बिनचेहऱ्याची उत्तरं देत. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक 1953 पर्यंत चालू राहिलं. मनातलं अनोळखी, जाणत्या माणसाला विचारावं ही गरज मराठी माणसाला अमेरिकेने शिकवली नाही. ती होतीच. तिची वाच्यता केली तर शिक्षा होत असे, इतकंच.

आणि चाळ. "चाळीत माणसं होती हो, त्यामुळे असल्या लोकांची गरज पडत नसे." माणसं होती, हे खरं. पण चाळीला सगळं ठाऊक असे हीच कित्येकांची अडचण होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आजही नात्यांची वीण घट्ट आहे, अडीअडचणीला अर्धा वाडा धावून येतो. पण सासूबद्दल बोलायचं तर शेजारीण सासूची भाची निघते. जूनपासून 61 दिवस मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, पुरुष घरी असतात आणि पैसा आटतो. त्या दिवसांत घरात जे काही होतं ते बाजारात शेजारी टोपली लावणाऱ्या बाईला सांगता येत नाही, कारण ती उद्याही शेजारीच बसणार असते. जिचा आपल्या कुळाशी, धंद्याशी, लग्नाशी काही संबंध नाही अशा व्यक्तीची गरज इथे उलट जास्त आहे. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच जाणिवेतून. मार खाऊन आलेली बाई रुग्णालयात 'पडले' म्हणून सांगते. तिला तिथेच, वेगळ्या खोलीत, कुणीतरी विचारावं, हा विचार त्यामागे होता. ती पहिली भेट कुणी ठरवून घेतलेली नसते, पण तीही पहिली भेटच असते.

मग तक्रार करणाऱ्यांचं काहीच बरोबर नाही? आहे. फक्त ते भलत्या ठिकाणी भांडतात.

भांडायचं तर पाटीवर भांडा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, 1992 च्या कायद्यानुसार. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि गोळ्या लिहून देऊ शकतो. पण नुसतं 'काऊन्सेलर' म्हणून पाटी लावायला वर्षानुवर्षं कुणाची परवानगी लागत नव्हती. चार वीकेंडचा कोर्स करून लोकांनी दुकानं थाटली. 2021 मध्ये संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात समुपदेशकही येतात. पण कायदा होणं आणि यारी रोडवरची पाटी तपासली जाणं यात अंतर आहे. म्हणून शिक्षण विचारा. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

भांडायचं तर विम्यावर भांडा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण मिळालं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी मात्र रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि बोलण्यासाठी कुणी दाखल होत नसतं. दीड हजार खिशातून जातात त्याचं कारण हे आहे, त्या बाईंचा लोभ नव्हे. खोलीचं भाडं, स्वतःच्या वरिष्ठ मार्गदर्शकाची फी आणि दिवसात पाच-सहापेक्षा जास्त माणसं नीट ऐकता येत नाहीत ही मर्यादा, हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि भांडायचं तर सरकारी ओपीडीवर भांडा. इथून जवळचं महापालिकेचं मोठं रुग्णालय म्हणजे कूपर. अशा मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचाराचा डॉक्टर असतो, केसपेपर स्वस्त असतो, औषधंही मिळतात. पन्नास मिनिटं मात्र मिळत नाहीत. मागे रांग असते, शेजारच्या खुर्चीवर दुसरा रुग्ण असतो, आणि सोबत आलेला दीर सगळ्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच देत असतो. तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, ते संख्येपुढे हतबल आहेत. निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पन्नास मिनिटं 'फुकट गेली' म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. ज्या गोष्टीला तो नावं ठेवतो, ती आपल्याला मिळावी म्हणून पलीकडच्या गल्लीतली बाई तिष्ठत आहे.

गुप्ततेवरचा संशयही मी हसण्यावारी नेणार नाही. 2020 च्या जूनमध्ये अभिनेते सुशांतसिंह राजपूत गेले आणि पुढचे कित्येक आठवडे वाहिन्यांवर त्यांचे आजार, त्यांच्या गोळ्या, त्यांच्या उपचारांची चर्चा जाहीरपणे चालली. ते सगळं याच शहरात घडलं, आणि इथल्या तरुण नटांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला: तोंड बंद ठेवा. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 23 गुप्ततेचा हक्क देतं, कलम 24 तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती माध्यमांत देण्यावर बंदी घालतं. ही कलमं तेव्हाही लागू होती. म्हणजे भीती निराधार नाही. पण ज्या वाहिन्यांनी ते केलं, त्यांचा राग दुसऱ्या मजल्यावरच्या समुपदेशकावर काढून काय साधणार?

पाटीखालून जिना चढताना कुणी पाहील ही भीती असेल तर ऑनलाइन भेट आहे. तिथे पहिला प्रश्न "काय त्रास आहे" हा नसतो. "आत्ता कुठे आहात? आजूबाजूला कुणी आहे का?" हा असतो. पत्ता विचारतात, कारण काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे कळायला हवं. घरात जागा नसलेले लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, कानात इअरफोन घालून बोलतात. पैसेच नसतील तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 वर, ऑक्टोबर 2022 पासून, फुकट, मराठीतही. टिसची 'आयकॉल' ही हेल्पलाइन 2012 पासून आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, दुसऱ्यांदा जायचं का. पहिल्या भेटीनंतर हलकं वाटलंच पाहिजे असा नियम नाही. कित्येकांना त्या रात्री जास्त जड वाटतं, झाकून ठेवलेलं उघडल्यामुळे. त्यावरून निर्णय घेऊ नये. निर्णय घ्यायचा तो वेगळ्या गोष्टींवर: त्यांनी तुमचं बोलणं मध्येच तोडलं का, तुमच्या जातीवर, कपड्यांवर, लग्न न करण्यावर शेरा मारला का, स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगत बसले का, 'चार भेटींत बरं करतो' अशी हमी दिली का. यांतलं काही झालं असेल तर खुशाल सोडा. झालं नसेल आणि नुसतं अवघडल्यासारखं वाटत असेल, तर तेच दुसऱ्या भेटीत पहिल्यांदा बोलून टाका: "मागच्या वेळी तुम्ही काही सांगितलं नाहीत, मला राग आला." चांगला समुपदेशक या वाक्याने दुखावत नाही, तिथून कामाला लागतो. आणि बदलायचंच ठरलं तर कारण देण्याची गरज नाही. फक्त आपल्या उपचारांच्या नोंदी मागून घ्या. मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 ने मानसिक आजाराच्या रुग्णाला दिला आहे, आणि त्या हाताशी असल्या की नव्या खोलीत थायरॉइडपासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.